पुन्हा एकदा ऐका

शाळेच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या चार भरल्या होत्या. एकीत शहरातून आलेल्या सायबर पोलिसांच्या मॅडम, दुसरीत ग्रामपंचायत कार्यालयाचे सचिव भाऊसाहेब, तिसरीत हेडमास्तर आणि चौथीत मॅडमची पर्स. भिंतीवर मोबाईलच्या चित्राचे मोठे पोस्टर लावले होते. त्यावर लाल अक्षरांत 'सावध राहा' असे लिहिले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचा एक कोपरा सारखा सुटत होता. मॅडमनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिले.

"अकराची वेळ दिली होती ना?"

"अकराचीच, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "काल संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं, आज सकाळी परत सांगितलं."

"मग ऐकू गेलं नसेल."

"ऐकू गेलं," दाराशी उभे असलेले कर्णेकाका म्हणाले. "सगळ्यांना ऐकू गेलं."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि लगेच नजर पोस्टरच्या सुटलेल्या कोपऱ्याकडे वळवली.

"अर्धा तास द्या, मॅडम," काका म्हणाले. "मी घरोघर जाऊन बोलावून आणतो." आणि उत्तराची वाट न बघता ते चपला घालून निघाले.

कर्णेकाकांचे खरे नाव पगारपत्रकावर होते, बाकी कुठे नव्हते. कार्यालयाच्या गच्चीवर चार कर्णे होते आणि त्या चारही कर्ण्यांतून एकतीस वर्षे काकाच बोलत आले होते. पाणी किती वाजता सुटणार, कुणाची गाय हरवली, लस द्यायला डॉक्टर कधी येणार, कोण गेले आणि त्याला कधी न्यायचे, सगळे गावाला त्यांच्याच तोंडून कळायचे. आवाज काही फार गोड नव्हता, पण शब्द न् शब्द सुटा व्हायचा आणि शेवटच्या घरापर्यंत तसाच सुटा पोचायचा. त्यांचे दोन शिरस्ते होते. पहिला, सही-शिक्क्याची चिठ्ठी हातात आल्याशिवाय माईकला हात लावायचा नाही. कुणाच्या गोठ्याला आग लागली तेव्हाही काकांनी आधी चिठ्ठी मागितली, अशी थट्टा गावात चालायची. ती खरी नव्हती, पण अगदीच खोटीही नव्हती. दुसरा शिरस्ता म्हणजे प्रत्येक सूचना दोनदा वाचायची आणि मध्ये 'पुन्हा एकदा ऐका' म्हणायचे. त्यांची बायको सांगायची, "अहो, घरात मीठ मागतात तेसुद्धा दोनदा."

पहिले दुकान पंक्चरवाल्याचे. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता.

"या काका. आज पायी पायी? भोंगा बिघडला का?"

"भोंगा ठीक आहे. शाळेत मॅडम आल्यात, फोनवरच्या फसवणुकीचं सांगणार आहेत. चल, अर्ध्या तासाचं काम आहे."

"ऐकलं होतं मी सकाळी. म्हटलं, हेही त्यातलंच असेल."

त्याने हे डोके वर न करता, अगदी सरळ मनाने म्हटले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकांनी तो गिळला असता. पण पंक्चरवाला मुद्दाम काही बोलला नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटले होते, आणि हेच काकांना लागले.

पुढे पेन्शनवाल्या आजी. पोरेबाळे परगावी असलेली ही म्हातारी अंगणात खाट टाकून बसली होती. काकांनी सांगितले ते तिने ऐकून घेतले.

"यावेळी कुठला नंबर लिहून घ्यायचा नाही ना?"

"नाही आजी. नुसतं ऐकायचंय."

"मी रागावले नाही हो तुमच्यावर. पण आता तुमचा आवाज आला की टीव्ही मोठा करते. काय करू?" असे म्हणत तिने काठी उचलली आणि ती निघाली. तिचे तीन महिन्यांचे पेन्शन गेले होते, तरी ती निघाली. काकांना तिच्याकडे बघवले नाही.

अडीच महिन्यांपूर्वीचा तो मंगळवार. भाऊसाहेबांच्या वडिलांचे डोळ्याचे ऑपरेशन होते म्हणून ते शहरात गेले होते. दहाच्या सुमारास कार्यालयातला फोन वाजला. पेन्शन विभागातून बोलतोय, असे पलीकडचा माणूस म्हणाला. भाऊसाहेब रजेवर आहेत, वडिलांचा डोळा कसा आहे आता, हेही त्याने आपुलकीने विचारले. इतके घरचे ठाऊक असलेला माणूस परका कसा असेल, असे काकांना वाटले. आदल्या दिवशी याच आवाजाचा भाऊसाहेबांची चौकशी करणारा फोन आला होता आणि रजेचे, डोळ्याचे सगळे काकांनीच त्याला सांगितले होते, हे त्यांना आठवायला पुढे कितीतरी दिवस लागले.

त्या माणसाला गावात एक तातडीची सूचना द्यायची होती.

"चिठ्ठी लागेल, साहेब," काका म्हणाले होते. "सही-शिक्क्याशिवाय मी बोलत नाही."

"अगदी बरोबर. नियम म्हणजे नियम. असं करा, मी मजकूर सांगतो, तुम्ही लिहून घ्या. शिक्का तिथेच असेल ना? मारा, आणि साहेबांच्या वतीने म्हणून तुमची सही करा. झाली चिठ्ठी. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो काका आता. आणि आवाज काय आहे तुमचा."

काकांनी आपल्या वळणदार अक्षरात मजकूर लिहून घेतला. ड्रॉवरमधून शिक्का काढला, पॅडवर दाबला, कागदावर मारला, खाली सही केली. शाई वाळेपर्यंत थांबले. मग ती चिठ्ठी समोर धरून त्यांनी ती वाचली: पेन्शन किंवा अनुदान ज्यांच्या खात्यात येते त्यांनी आज पाचच्या आत या नंबरवर फोन करून खाते तपासून घ्यावे, नाहीतर ते बंद होईल. नंबर त्यांनी एकेक आकडा सुटा करून सांगितला, लोकांना नीट लिहून घेता यावा म्हणून. मग म्हणाले, पुन्हा एकदा ऐका. आणि सगळे पुन्हा वाचले. दुपारी जेवताना बायकोला त्यांनी सांगितलेही की वरच्या ऑफिसात माझ्या आवाजाचं नाव निघतं.

सात घरे बुडाली. भाऊसाहेबांनी परत आल्यावर कपाळाला हात लावला, पण काकांना एका शब्दाने बोलले नाहीत. "तुम्ही काही मुद्दाम केलं नाही," इतकेच म्हणाले आणि तक्रारीत 'अज्ञात व्यक्तीने' असे लिहिले. काकांची नोकरी शाबूत राहिली. गावही भांडायला आले नाही. गावाने फक्त ऐकायचे सोडले.

वीसेक घरे पालथी घालून काका शेवटी कार्यालयासमोरच्या दारात आले. हे घर त्यांनी मुद्दामच मागे ठेवले होते. टेलरताईचे. नवरा गेल्यापासून तिने या एका खोलीत मशीन मारून घर चालवले होते. मशीन पायाचे, जुने, खडखड आवाजाचे. गच्चीवरचा कर्णा खरखरला की ते थांबायचे आणि काकांचे दुसऱ्यांदा वाचून झाले की सुरू व्हायचे. एकतीस वर्षांतली वीस वर्षे काकांनी ते थांबणे ऐकले होते. बाकी गाव ऐकते की नाही हे त्यांना खोलीत बसून कळायला मार्ग नव्हता, पण ते मशीन थांबले की त्यांना वाटायचे, ऐकते आहे. त्या मंगळवारीही ते थांबले होते.

आता आत दोन मशीन होती. जुन्यावर टेलरताई आणि शेजारी मोटारच्या नव्यावर तिची मुलगी. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या पुढच्या वर्षाची फी टेलरताईने आपल्या विधवा पेन्शनच्या खात्यात साठवली होती आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भरायची होती. ते पैसे गेले तशी मुलगी ट्रंक घेऊन घरी आली. तिचा पांढरा युनिफॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला होता.

"या काका," मुलगी म्हणाली.

टेलरताईने मान वर केली नाही. तिच्या कपडे बेतायच्या टेबलावर खडूने लिहिलेला नंबर अजून दिसत होता. वरून इतके कापड सरकले तरी अर्धवट उरला होता. काकांना तो बघायची गरज नव्हती, तो त्यांना पाठ होता.

"शाळेत सभा आहे," ते म्हणाले. "शहरातून मॅडम आल्यात."

"आम्हाला आता कशाला? जायचं होतं ते गेलं."

"मी जाऊन येते, आई," मुलगी म्हणाली. "ऐकून तरी येते."

"जा."

मुलीने मोटार बंद केली. त्या मंगळवारनंतर कर्णा वाजला की टेलरताईचे मशीन थांबत नसे, खडखड चालूच राहायचे. पण मुलीचे थांबायचे. लहानपणी ती याच टेबलाखाली चिंध्यांशी खेळायची आणि कर्णा वाजला की आई तिला दटावायची, गप्प, काका बोलतायत. ती सवय अंगात मुरली होती. काकांना एवढेच उरले होते आणि ते त्याच्यावरच दिवस काढत होते.

एक गोष्ट मात्र मुलीला माहीत नव्हती. त्या दोघांखेरीज गावात कुणालाच माहीत नव्हती. त्या मंगळवारी तीनच्या सुमारास टेलरताई रस्ता ओलांडून कार्यालयात आली होती. पदराला टाचलेली सुई तशीच, हातात फोन.

"काका, बारा वाजता मी त्या नंबरवर फोन केला. त्यांनी मोबाईलवर काय काय उघडायला लावलं, आलेले आकडे वाचून घेतले. आता खात्यात काहीच दिसत नाहीये. तो म्हणतो तीन दिवसांनी परत दिसेल. बँकेत जाऊन विचारू का?"

"कशाला उगाच हेलपाटा? ऑफिसचं काम आहे, वेळ लागतोच. मी स्वतः वाचलंय ना?"

"हो, तेही खरंच," असे म्हणून ती परत गेली आणि तीन दिवस थांबली.

चौथ्या दिवशी काका तिच्या दारात गेले तेव्हा ती रडत नव्हती. "फोनवरच्या माणसाला मी कुठे ओळखत होते, काका?" ती म्हणाली. "मी तुम्हाला ओळखत होते." त्यानंतर ती त्यांच्याशी आजच बोलली होती.

पैसे तर बारा वाजताच गेले होते, तीनला ती बँकेत गेली असती तरी काय होणार होते, अशी काकांनी मनाची समजूत घातली होती. त्या समजुतीवरच त्यांना थोडीफार झोप लागायची.

हॉलमध्ये अखेर तेवीस माणसे जमली. मॅडम बोलायला चांगल्या होत्या, उगाच घाबरवत नव्हत्या. कुणी घाई करायला लागला, आजच, पाचच्या आत, असं म्हणायला लागला, की समजायचं पाणी मुरतंय. मोबाईलवर आलेले आकडे सख्ख्या भावालासुद्धा सांगायचे नाहीत. फोन करणाऱ्याला तुमच्या घरची चार माणसं माहीत असली म्हणून तो तुमचा होत नाही. लोक माना हलवत होते. काका मागे दाराजवळ भिंतीला टेकून उभे होते.

"आणि फसलात तर लाजू नका," मॅडम म्हणाल्या. "घरात तोंड लपवून बसू नका. त्याच क्षणी बँकेला कळवा, आम्हाला कळवा. पैसे लगेच चोराच्या खिशात जात नाहीत. या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतात. पहिल्या काही तासांत कळलं तर वाटेतच अडवता येतात."

काका भिंतीपासून सुटे झाले.

"मॅडम, बारा वाजता गेले आणि तीन वाजता कळवलं, तर?"

"खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण तीन तास म्हणजे फार लवकर. सगळे नाही तरी बरेचसे मिळालेले मी पाहिलेत. तीन दिवस झाले की मात्र हात टेकावे लागतात."

मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळल्या होत्या. काकांना पुढचे काही ऐकू आले नाही. त्यांना एवढेच कळले की आता इथून असेच घरी जाता येणार नाही. त्यांचा हात सवयीने शर्टाच्या खिशात गेला. खिशात चिठ्ठी नव्हती.

"मला बोलायचंय," ते म्हणाले.

"काका, नंतर बोलू," भाऊसाहेब म्हणाले.

"त्या दिवशी तीन वाजता टेलरताई माझ्याकडे आल्या होत्या. बँकेत जाऊ का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, जाऊ नका."

पुढच्या रांगेतून पेन्शनवाल्या आजी मागे वळल्या. "ऐकू आलं नाही हो काका. काय म्हणालात?"

एकतीस वर्षांत त्यांना असे कुणी म्हटले नव्हते. ते दोन पावले पुढे आले.

"पुन्हा सांगतो," काका म्हणाले आणि प्रत्येक शब्द सुटा करून त्यांनी ते पुन्हा सांगितले. तीन वाजता आल्या होत्या. विचारत होत्या. मी म्हटलं, जाऊ नका.

टेलरताईची मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. ती वळून काकांकडे बघत होती.

"आई म्हणाली, तिलाच उशिरा कळलं," ती म्हणाली. "मी किती बोलले तिला. तुला अक्कल नाही का, म्हणाले. ती एकदाही म्हणाली नाही की..." तिने वाक्य पुरे केले नाही.

"बसा, काका," भाऊसाहेब उठून त्यांच्याजवळ आले. "तुमचा एकट्याचा काय दोष? तो फोनच तसा..."

"चिठ्ठीवर सही माझी आहे, भाऊसाहेब."

मुलगी उठली. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत, कुणाच्या पायाला पाय लागू न देता ती बाहेर गेली. काका दाराशीच होते, पण ती त्यांच्या बाजूने गेली तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. मॅडमनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच परत बंद केली.

दुपारी काका जेवायला घरी आले. सभेची बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. बायकोने ताट वाढले आणि ती समोर बसली. भाजीत मीठ घालायला ती विसरली होती. काका खाली मान घालून जेवत राहिले, त्यांनी एकदाही मीठ मागितले नाही. अर्धे जेवण झाल्यावर तिने स्वतः एक घास खाऊन बघितला आणि मग उठून मिठाची बरणी आणली.

"अहो, सांगायचं तरी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीपेक्षा लवकर कार्यालयात गेले. मॅडमनी सूचनेचा नमुना दिला होता, तो त्यांनी कोऱ्या कागदावर उतरवून काढला. खाली दोन ओळी आपल्या मनाने घातल्या आणि भाऊसाहेबांची वाट बघत बसले. भाऊसाहेबांनी चष्मा लावून कागद वाचला.

"हे शेवटचं कशाला? कार्यालयाच्या सूचनेत 'माझा आवाज' असं काही नसतं."

"असू द्या."

"लोक हसतील, काका."

"हसले म्हणजे ऐकलं असं होईल."

भाऊसाहेबांनी थोडा वेळ पेन हातात धरून ठेवले, मग सही केली. शिक्का त्यांनी स्वतःच मारला. त्या मंगळवारनंतर शिक्का त्यांच्या कुलपात असायचा.

आठ वाजता काकांनी बटण दाबले. गच्चीवर कर्णा खरखरला. काका लगेच बोलले नाहीत. समोरच्या खोलीत दोन्ही मशीन चालू होती, खिडकीतून दोन्हींचे आवाज येत होते. ते मोटारच्या मशीनकडे कान लावून थांबले. ते थांबेना. एकसारखे, न अडखळता, लांबच लांब शिवण घातल्यासारखे चालू राहिले.

मग खडखड थांबली. ती कमी होत थांबली नाही, पाय एकदम उचलल्यासारखी थांबली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. काकांनी कागद डोळ्यांसमोर धरला. अक्षरे त्यांचीच होती, तरी पहिली ओळ सापडायला वेळ लागला.

"गावातल्या सर्वांसाठी सूचना. फोनवर आलेले आकडे कुणालाही सांगू नयेत. कुणी घाई केली तर फोन ठेवून द्यावा. फसवणूक झाली असं वाटलं, तर त्याच क्षणी बँकेत जावं, कुणालाही विचारत बसू नये. या भोंग्यावरून कुठलाही नंबर सांगितला तरी तो लावू नये, आधी कार्यालयात येऊन सहीची चिठ्ठी बघावी. माझा आवाज असला तरी."

खालच्या रस्त्यावरून पंक्चरवाला हवेचा पंप घेऊन चालला होता. तो क्षणभर थांबला आणि वर कर्ण्याकडे बघून पुढे गेला.

"पुन्हा एकदा ऐका," काका म्हणाले आणि सगळे पहिल्यापासून वाचले. शेवटच्या ओळीला आवाज जरा बसला, पण शब्द सुटे राहिले. माझा आवाज असला तरी.

त्यांनी बटण बंद केले. थोड्या वेळाने समोरची खडखड सुरू झाली. मोटारचे मशीन मधल्या साऱ्या वेळात एकदाही थांबले नव्हते. काकांनी कागदाला भोक पाडले, तो फाईलच्या दोऱ्यात ओवला आणि फाईल कपाटात ठेवली.